ताप उतरल्यावर

मंगला देशकर मूळची वर्ध्याची. नवऱ्याच्या, शांतारामच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी भोपाळला आली आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये रुजली. ओळीत कुणीही आजारी पडलं की पहिली खिचडी तिच्या घरून जायची.

त्या ऑक्टोबरात शेजारच्या सुमनला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला. मंगलानंच कपाळाला हात लावून म्हटलं, "गेलं बाई संकट!" सुमनचं पोट दुखत होतं, हातपाय गार होते. अशक्तपणा असेल, असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन गेली.

डॉक्टर म्हणाले, "यात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, प्रेशर कोसळतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते."

सुमनचा तेरावा झाला आणि शांताराम तापानं फणफणला. तपासणीत डेंग्यूच निघाला. पाचव्या सकाळी अंग निवलं, तसा तो ड्यूटीचे कपडे शोधू लागला.

"मी बरा आहे गं."

मंगलानं त्याचा हात धरला. तळवा ओला, थंडगार. "पोट दुखतंय?"

"थोडंसं."

"लघवीला कधी गेला होतात?"

"काल संध्याकाळी... काय विचारतेस!"

ती तशीच शेजारी धावली. सुमन गेल्यापासून तिच्या नवऱ्याच्या, विश्वासच्या, नजरेला नजर देण्याचं धैर्य तिला झालं नव्हतं. "भाऊजी, स्कूटर काढा." तो लगेच किल्ली घेऊन निघाला.

शांतारामला मध्ये बसवून ती मागून घट्ट धरून बसली. इस्पितळाच्या फाटकाशी त्याची मान विश्वासच्या पाठीवर कलंडली.

प्रेशर जेमतेम लागत होतं. सलाईन सुरू झालं. "आत्ताच काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मंगलाला राहवलं नाही. "भाऊजी, सुमनला संकट गेलं म्हणणारी मीच."

विश्वास जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, त्या सकाळी मी तिला चहा करायला उठवलं होतं."



तिसऱ्या दिवशी शांतारामचं प्रेशर स्थिरावलं. आठवड्यानं तो घरी आला. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर मंगला दारोदार फिरायची. कूलरमधलं साठलेलं पाणी ओतून टाकायला लावायची आणि कुणाचा ताप उतरला की हातपाय चाचपायची. काही जण हसायचे. नऊ जणांना तिनं वेळेत इस्पितळात पोचवलं. एका कोवळ्या सुनेच्या घरच्यांनी मात्र ऐकलं नाही. ती गेली त्या दिवशी मंगला जेवली नाही.