कितवा जल्लाद

डेट्रॉइटजवळच्या वायंडॉटमध्ये डॅरिल सोबचाकचं नाव काढलं की लोक विचारायचे, कुठला, बसवाला की जल्लाद? दोन्ही तोच होता. आठवडाभर तो शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करायचा. जानेवारीत नदी गोठली की त्याचा हात लागल्याशिवाय एकही इंजिन डोळा उघडायचं नाही. आणि शनिवारी तो नाकापर्यंत काळा बुरखा ओढून, हनुवटीला चंदेरी रंग फासून, बोलिंग अ‍ॅलीच्या मागच्या हॉलमध्ये बास गिटार वाजवायचा.

त्याच्या बँडचं नाव होतं टिन पॅरिश. खरा बँड आयर्न पॅरिश, हे त्याची नक्कल करणारे. ते लोखंडाचे तर आपण पत्र्याचे, एवढाच त्यातला विनोद. लोखंडी मंडळी चार: गाणारा बिशप, गिटारवरचा कोल्हा, ड्रमवर काळ्या जाळीतली विधवा, जी खरं तर तीन मुलांचा बाप होती, आणि बासवर जल्लाद. स्टेजवर धूर, आगीचे लोळ, आणि शेवटच्या गाण्यात जल्लाद दांडा ओढायचा, फाशीच्या तख्ताची फळी उघडायची आणि बिशप तिच्यातून गडप व्हायचा. चाळीस वर्षं हाच खेळ, आणि चाळीस वर्षं लोक तो पहिल्यांदा पाहिल्यासारखे ओरडत होते.

डॅरिलने तो खरोखर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो चौदाचा होता, डेट्रॉइटला, चुलतभावाबरोबर. दांडा ओढण्याआधी जल्लादाने मान तिरकी केली आणि गर्दीवरून सावकाश नजर फिरवली. ती आपल्यावर येऊन थांबली असं डॅरिलला वाटलं. त्या उन्हाळ्यात त्याने गावभरच्या अंगणांतलं गवत कापून पैसे जमवले आणि बास गिटार विकत घेतली. पुढे बायकोही त्याला आयर्न पॅरिशच्याच एका कार्यक्रमाच्या रांगेत भेटली. मार्लीन म्हणायची, "लग्न केलं जल्लादाशी, घरी आला मेकॅनिक."

डॅरिल पन्नाशी ओलांडून गेला होता तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी बोलिंग अ‍ॅलीत करड्या कोटातली एक बाई मागच्या टेबलावर येऊन बसली. तिने बटाट्याच्या चकत्या मागवल्या, एकही खाल्ली नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर सरळ डॅरिलपाशी आली.

"मी ऑड्री ट्रास्क. आयर्न पॅरिशचं काम बघते."

डॅरिलला वाटलं, नक्कल केल्याबद्दल आता कोर्टात खेचणार. तो म्हणाला, "बाई, आम्ही फक्त शनिवारीच वाजवतो."

"सगळी गाणी येतात?"

"येतात."

"सगळ्या हालचाली? मान, पाय, दांडा?"

"त्याही येतात. पण आम्ही कुणाला फसवत नाही हो, बाहेर पाटीवर टिन असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

ऑड्री ट्रास्क पहिल्यांदाच थोडी हसली. मग तिने खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सांगितलं. गिल लाफोंटेनची, म्हणजे खऱ्या जल्लादाची, डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. नसांचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले होते. जगभरचा दौरा तर ठरलेला, मेक्सिकोपासून ओसाकापर्यंत आणि शेवट घरी, डेट्रॉइटला. बँडच्या वयाचा विचार करता हा बहुधा शेवटचाच दौरा. "बुरखा काय, कुणाच्याही तोंडावर बसतो," ती म्हणाली. "आम्हाला बुरख्याच्या आतला माणूस हवाय."

घरी येऊन डॅरिलने मार्लीनला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे तू जल्लादाची नक्कल करतोस, ते सोडून आता काय करायचं?"

"जल्लादाचं काम."

"फरक काय?"

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला.

गिल लाफोंटेन सेंट क्लेअर तळ्याकाठी राहायचा. डॅरिल तिथे आठवडाभर शिकायला गेला. दारात उभ्या असलेल्या, चष्मा लावलेल्या उंच म्हाताऱ्याला त्याने "गिल आहेत का घरी?" असं विचारलं. चाळीस वर्षं ज्याची हनुवटी त्याने आरशासमोर गिरवली होती, त्याचे डोळे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

गिलला शिकवायचं फार नव्हतं. तो सोफ्यावर बसून ऐकायचा. एकदा म्हणाला, "तू ती मान फार वळवतोस, गड्या."

"तुम्ही तशीच वळवता."

"मी?"

"नेहमी. दांडा ओढायच्या आधी."

"सुरुवातीला मी स्टेजच्या बाजूला उभ्या माणसाकडे बघायचो. फळीखाली गादी नीट लागली का, हे तो हात वर करून सांगायचा. तो हात दिसल्याशिवाय ओढला तर बिशपचा पाय मोडला असता. मग सवयच लागली असेल."

त्या नजरेवर त्याने आपला आख्खा जन्म रचला होता.

टिन पॅरिशच्या मंडळींना त्याने आजारी मेव्हणीकडे अ‍ॅरिझोनाला जातो म्हणून सांगितलं आणि विमानात बसला. मेक्सिकोत जड बुटांत तो दोनदा अडखळला, पण धुरात ते कुणाला दिसलं नाही. बोगोटाच्या उंचीवर श्वास पुरला नाही. साओ पावलोला साठ हजार माणसं एका सुरात पोर्तुगीजमध्ये जल्लादाचं नाव घेऊन ओरडायला लागली, तेव्हा डॅरिलने चटकन मागे वळून पाहिलं. आपल्या मागे गिल येऊन उभा राहिलाय असं त्याला खरोखर वाटलं होतं. मागे नुसता धूर होता. कार्यक्रमानंतर बिशप म्हणाला, "हे मागे वळणं नवीन काढलंस? छान आहे. ठेव."

दुसऱ्या दिवशी फोनवर टिन पॅरिशच्या नॉर्बर्टचा निरोप आला. त्याने साओ पावलोचं चित्रीकरण पाठवलं होतं. "बघ, म्हातारा अजून मान कशी वळवतो. तुला वीस वर्षांत जमलं नाही. मेव्हणी कशी आहे?"

डॅरिलने ते चित्रीकरण चार वेळा पाहिलं. तो जल्लाद चांगला वाजवत होता. आपण कुठे कमी पडतो ते शोधत तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग आपण काय करतोय हे ध्यानात येऊन त्याने फोन उशीखाली सारला.

पुढे लिस्बन. तिथे दुपारी चाहत्यांना भेटायचा कार्यक्रम होता. जल्लाद चारचौघांत कधी बोलत नाही, हा बँडचा जुना नियम डॅरिलच्या पथ्यावर पडला होता. लोक यायचे, शेजारी उभे राहून फोटो काढायचे, जायचे. मग साठीची एक बाई आली. निळा कोट, हातात काही नाही. तिने फोटो मागितला नाही. सावकाश, जुळवत जुळवत ती त्याच्या भाषेत बोलायला लागली.

"एकोणनव्वद साली तुम्ही इथे आला होतात. मी अगदी पुढे, कठड्याला धरून उभी होते. माझा ओठ फाटलेला होता. तुम्ही वाजवायचं थांबलात, खाली वाकलात आणि माझा हात धरलात. आठवतं?"

डॅरिलने तिच्या ओठाकडे पाहिलं.

"ओठ नवऱ्याने फाडला होता," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर मी घरी गेले नाही. बहिणीकडे गेले. आता माझं स्वतःचं फुलांचं दुकान आहे. एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला आठवतं का?"

मागे रांग खोळंबली होती. बाई त्याच्या बुरख्याकडे बघत होती. डॅरिलने मान हलवली. हो म्हणून हलवली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, आपल्या कपाळाला लावला आणि ती निघून गेली.

त्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याने दोन ठिकाणी सूर चुकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मिशिगनमध्ये गिल उठला असेल अशा बेताने, त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मी तिला हो म्हटलं, गिल. तुमच्या वतीने. पण ते तुमचं होतं, मी घ्यायला नको होतं. तुम्हाला ती आठवते का, तेवढं सांगा. मग निदान माझं हो खरं होईल."

पलीकडे गिल खोकला. "लिस्बन, एकोणनव्वद?"

"हो."

"एकोणनव्वदमध्ये मी लिस्बनला नव्हतो."

"म्हणजे?"

"माद्रिदमध्ये कावीळ झाली मला. तीन आठवडे हॉस्पिटलात पडून होतो. तेवढे कार्यक्रम रूडीने केले. आमची वाद्यं जुळवायचा तो. उंच होता, बुरखा बसला."

डॅरिल पलंगावर बसला. "रूडीला विचारता येईल?"

"रूडीला जाऊन दहा वर्षं झाली, बाळा. भला माणूस होता. हात धरला असेल त्याने." मग गिल म्हणाला, "किंवा वाजवताना अडला असेल आणि आधार म्हणून काहीतरी धरलं असेल. त्याला ते तिसरं गाणं कधी नीट यायचं नाही."

"असं आणखी कितीदा झालं?"

"काय?"

"तुमच्याऐवजी दुसरा."

"एकदोनदा. सुरुवातीच्या वर्षांत कधी कधी माझी अवस्था उभं राहण्यासारखी नसायची. कोण उभं राहिलं, ते मलाही ठाऊक नाही."

डॅरिलच्या ओठांवर आलं होतं, अठ्ठ्याहत्तर साली, मी चौदाचा होतो तेव्हा, डेट्रॉइटला कोण होतं? तो प्रश्न त्याने गिळला. "काळजी घ्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

जेवणाच्या वेळी त्याने बिशपला गाठलं. बिशप वाटीभर सूप पीत होता. "काल मी त्या बाईला हो म्हटलं," डॅरिल म्हणाला. "ते खोटं झालं का?"

"तिने कुणाला विचारलं?"

"जल्लादाला."

"मग जल्लादाने हो म्हटलं. तू कशाला मध्ये पडतोस?" बिशपने पाव मोडला. "मी चाळीस वर्षं रोज फासावर चढतोय. मला कोणी विचारलं, दुखतं का, तर मी काय सांगणार?"

डॅरिलला त्यात उत्तर दिसलं नाही, पण बिशपला सूप प्यायचं होतं.

कोलोन झालं, ओसाका झालं. बोटं आता आपोआप चालत. घरी फोन केला की मार्लीन विचारायची, "कसा आहेस?" आणि तो आधी सांगायचा जल्लाद कसा होता, आणि मग स्वतः तो कसा होता. एकदा ती म्हणाली, "अरे, पाळीपाळीने बोला तुम्ही दोघं."

डेट्रॉइटच्या कार्यक्रमाला गिल आला. ऑड्रीने त्याच्यासाठी पुढची जागा राखली होती, पण तो संध्याकाळी मागच्या दाराने मेकअपच्या खोलीत आला आणि चष्मा काढून खुर्चीवर बसला.

"शेवटचं गाणं मला द्या," तो म्हणाला. "वाजवता येणार नाही. दांडा ओढता येईल."

ऑड्रीने कपाळाला हात लावला. पण बिशप म्हणाला, "येऊ दे त्याला." मग असं ठरलं की शेवटच्या गाण्याआधी अंधार होईल, डॅरिल पडद्यामागे जाईल आणि तिथून वाजवेल, आणि गिल बिनतारांची गिटार गळ्यात अडकवून पुढे उभा राहील. डॅरिलने स्वतःच्या हाताने गिलच्या हनुवटीला रंग लावला. लावताना त्याच्या लक्षात आलं की गिलच्या हनुवटीवर खळी आहे, जी चंदेरी रंगात अजिबात दिसत नाही.

पडद्यामागून डॅरिलला फक्त गिलची पाठ दिसत होती. तो वाजवत होता आणि समोर ती पाठ डोलत होती, कधी तालाच्या मागे, कधी पुढे. शेवटी गिल दांड्यापाशी गेला, मान तिरकी केली आणि थांबला. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त थांबला. विधवेने ड्रमवर दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. स्टेजच्या बाजूच्या माणसाने हात केव्हाच वर केला होता. गिल त्याच्याकडे बघत नव्हता. तो गर्दीकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्याने दांडा ओढला.

मार्लीन तिसऱ्या रांगेत होती. कार्यक्रमानंतर ती डॅरिलच्या शेजारी गाडीत येऊन बसली. ती रडलेली होती, आणि ती सहसा रडत नसे.

"सगळा कार्यक्रम चांगला होता," ती म्हणाली. "पण ते शेवटचं गाणं. इतक्या वर्षांत तुला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा तर माझ्याकडे बघितलंस."

डॅरिलने गाडी चालू केली नाही. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, असं त्याला पुढे कितीदा वाटलं. पण लिस्बनमध्ये हो म्हणून हलवलेली एक मानच त्याला पुरेशी जड झाली होती. "तो मी नव्हतो," तो म्हणाला. "गिल होता."

"आणि वाजवत कोण होतं?"

"मी."

मार्लीनने त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. "मग मला रडू कशाचं आलं?"

"मलाही तेच कळत नाहीये."

"चल घरी," ती म्हणाली. "फ्रीजमध्ये कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेली गोलुंबकी ठेवलीये. तुझ्या आईच्या पद्धतीची."

पुढच्या वर्षी छोटा दौरा करायचं बँडच्या मनात होतं, ऑड्रीने दोनदा विचारलं. डॅरिलने कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही, आणि बिशपच्या घशाचं ऑपरेशन निघाल्यावर तो विषयच मिटला. टिन पॅरिशमध्ये तो परत गेला. नॉर्बर्टचं म्हणणं, अ‍ॅरिझोनाहून आल्यापासून तू उगाच मागे वळून बघतोस, खरा जल्लाद तसं एकदाच करतो.

गुरुवारी काम संपलं की डॅरिल तळ्याकाठी जातो. गिलने डावखुऱ्यांची बास गिटार आणलीये. साठ वर्षं ज्या हाताने फक्त तारा छेडल्या, त्या उजव्या हाताने तो आता तारा दाबायला शिकतोय. पोरासारखा अडखळतो. आपलीच गाणी विसरतो आणि विचारतो, "इथून पुढे कसं होतं रे?" डॅरिल वाजवून दाखवतो. गिल ऐकतो, आणि तसं न वाजवता काहीतरी भलतंच वाजवतो. ते चुकलं का, हे डॅरिलला सांगता येत नाही, कारण गाणं गिलचं आहे. कधी कधी ते भलतंच जास्त बरं वाटतं. मग डॅरिल आपली गिटार पुन्हा उचलतो आणि त्याच्या मागून तसंच वाजवून बघतो.