टिपणीतून काढलेल्या तीन ओळी

मी चार वर्षांची असताना आई गेली. तिच्या भावाने आणि भावजयीने मला वाढवले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. मामाजी आमच्या गावच्या नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन होते. सायकलला लांब लोखंडी चावी बांधून ते सकाळी निघायचे आणि एकेका मोहल्ल्याचे पाणी सोडत फिरायचे. आम्ही राहायचो ती कर्मचाऱ्यांची जुनी चाळ होती. कवेलूच्या छपराची घरे, दोन-दोन खोल्या, मधून अरुंद बोळ. पुढे ती घरे त्या-त्या कुटुंबाच्या नावावर झाली. त्या घरातच मी शिकले आणि त्याच नगरपरिषदेत नगररचना विभागात रचना सहायक म्हणून लागले. पहिल्या दिवशी मामाजी मला ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.

नोकरीच्या सहाव्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचा विषय नियोजन समितीपुढे आला. माझे लग्न होऊन मी दुसऱ्या मोहल्ल्यात राहत होते. प्रस्ताव दोन होते. एक बिल्डरचा. सगळी चाळ रिकामी करायची, चार मजली इमारत बांधून वरच्या मजल्यांवर रहिवाशांना घरे द्यायची, समोरच्या बाजूला दुकानांचे गाळे काढायचे. दुसरा रहिवाशांचा. आहे त्याच जागेवर तळमजला आणि एक मजला, आधी अर्धी ओळ बांधायची, मग उरलेली. म्हणजे चाळ सोडून कोणालाच जावे लागले नसते. हा दुसरा प्रस्ताव मामाजींनी घरोघर फिरून तयार केला होता. नकाशा एका निवृत्त ओव्हरसियरने काढून दिला होता, पण घरांची मापे मामाजींनी स्वतः टेप धरून घेतली होती. मी तपासली. एकही चूक निघाली नाही.

समितीसाठी तांत्रिक टिपणी लिहायचे काम माझ्याकडे आले. रहिवाशांच्या प्रस्तावात एकच अडचण होती. मधला बोळ नियमापेक्षा अरुंद होता. पण जुन्या दाट वस्तीत समितीने शिफारस केली तर रुंदीत सवलत मिळू शकते, अशीही तरतूद होती. ती मी तीन ओळींत लिहिली.

आमच्या विभागाच्या साहेबांनी टिपणी वाचली आणि त्या ओळींवर पेन ठेवला.

"हे कशाला? समितीचा उगाच गोंधळ होईल."

"सर, नियमात आहे ते."

"नियमात पुष्कळ काही असतं. आणि तुमचे नातेवाईक राहतात ना तिथे? उद्या कोणी बोट दाखवलं तर मी काय उत्तर देऊ?"

एवढेच बोलणे झाले. ते आवाज चढवून बोलले नाहीत, की त्यांनी बदलीची धमकी दिली नाही. मी जागेवर येऊन बसले, त्या तीन ओळी काढल्या आणि नवीन प्रत छापली.

बैठकीला चाळीतली बरीच माणसे आली होती. मामाजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बोलायची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले. "साहेब, आमाले फुकट काही नाही पाहिजे. आमी म्हातारे मानसं, जिना चढनं होत नाही. आमाले आमच्या जाग्यावर राहू द्या, एवढंच."

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला विचारले, "तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतं का हे?"

मी कागदाकडे बघत म्हणाले, "मधल्या रस्त्याची रुंदी कमी पडते, सर."

मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. एक शेजारी उठून भांडायच्या तयारीत होता. मामाजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "बस खाली. आमची पोरगी सांगून राहिली, तं खरंच असन."

बिल्डरचा प्रस्ताव मंजूर झाला.

पावसाळ्याआधी चाळ रिकामी करायला सांगितले. मी मामाजी-मामीला माझ्याकडे चला म्हटले, पण जावयाच्या घरी राहायला ते तयार झाले नाहीत. मामीच्या भावाने दुसऱ्या गावात, मोहाडीला, एक खोली बघून दिली. तिथे मामाजींना करायला काही नव्हते. निवृत्तीनंतरही चाळीत कोणाचा नळ बिघडला की त्यांनाच हाक यायची. मोहाडीत त्यांना कोणी ओळखत नव्हते. दर रविवारी मी जायचे, तर ते दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेले असायचे.

असेच चार-पाच महिने गेले. एका रविवारी मला राहवले नाही. मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी मामाजींच्या समोर खाली बसले आणि काढलेल्या तीन ओळींचे सगळे सांगितले.

त्यांनी रस्त्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. लहानपनापासून तू खोटं बोलली का खाली पाहते."

"मंग तुमी काहून गप्प राहिले, मामाजी?"

"चारचौघात तुले खोटं पाडू? तुया साहेबासमोर?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाई. नोकरी टिकली न तुयी?"

मला रडू आवरेना. भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मामीने मागे वळून पाहिले नाही.

मामाजी पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. तेव्हा इमारतीचा दुसरा स्लॅब टाकून झाला होता. त्यांचा देह चाळीच्या जागेवरून न्यावा असे शेजाऱ्यांच्या मनात होते, पण तिथे पत्र्याचे कुंपण होते आणि फाटकाला कुलूप.

इमारत पूर्ण झाल्यावर मामीला तिसऱ्या मजल्यावरचे घर मिळाले. भिंती कोरड्या आहेत, संडास घरात आहे, पाणी दोन वेळा येते. लिफ्ट कधी चालते, कधी नाही. चाळीतली निम्मी कुटुंबे परत आलीच नाहीत. मामीचे गुडघे गेलेत, त्यामुळे ती आठवड्यातून एकदाच खाली उतरते.

मी रविवारी जाते, आठवड्याचे सामान नेऊन देते. ती चहा करते, पण जेवून जा असे म्हणत नाही. पूर्वी ती मला न जेवता कधी उठू द्यायची नाही.

मागच्या महिन्यात निघताना मी तिच्या पाया पडले. ती भिंतीला टेकून उभी होती.

"त्यायनं तुले माफ केलं," ती म्हणाली. "मले अजून जमून नाही राहिलं."

मी चप्पल घातली. दार लोटता लोटता ती पुन्हा बोलली, "पन येत जा."