पासपोर्टला लावलेलं कुंकू

घरातल्या सोफ्यावर बसून माझ्या व्याह्यांइतके देश फिरलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. कुठल्या देशाला किती फोटो लागतात, कुठं दोन्ही कान दिसावे लागतात, कुठं नुसतं विमान बदलायला उतरलं तरी वेगळा परवाना काढावा लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेले देश दोनच, एक आपला आणि दुसरा हा. पण पोर्तुगालचा नियम विचारा, ताट बाजूला सारून सांगत बसतील. आमटी निवून जायची, ह्यांचा पोर्तुगाल संपायचा नाही.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मी साखर कारखान्यातला फिटर, शिक्षण चौथी, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही, कारण मी बसवलेला पंप अजून चालतोय. ते तहसील कचेरीतले अव्वल कारकून. त्यांची बायको आठ वर्षांपूर्वी गेलेली. दोन हजार चार साली आम्ही दोघं एकदमच मुलांकडं अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो आणि एकाच घरात, एकाच न्हाणीघराच्या वाटणीनं राहिलो. आपल्याकडं दोन व्याही एका छपराखाली चार दिवसांच्या वर टिकत नाहीत, कुणाचा ना कुणाचा मान दुखावतो. आम्ही महिनोन्‌महिने काढले. मान रोजच दुखावायचा, पण जाणार कुठं? गाडी दोघांनाही चालवता येत नव्हती.

त्यांच्याजवळ एक निळी प्लास्टिकची फाईल होती. ती अंघोळीला जातानाही ते दाराशी दिसेल अशी ठेवायचे. आत प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का. शिक्का त्यांनी भारतातून येताना पायमोज्यात गुंडाळून आणला होता. मी म्हटलं, “व्याहीबुवा, रिटायर होऊन सात वर्षं झाली, आता तुमच्या शिक्क्याला कोण विचारतंय?” तर म्हणाले, “विचारत नाहीत, पण कागदाला बरं वाटतं.” कागदाला बरं वाटतं म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

आमच्या वसाहतीमागं एक तळं होतं. संध्याकाळी तिथल्या बाकावर सगळी म्हातारी मंडळी जमायची, कुणी नागपूरची, कुणी ठाण्याची, सगळी मुलांकडं आलेली. तिथं व्याह्यांची कचेरी भरायची. कुणाला मुदत वाढवून हवी, कुणाला पासपोर्टमधलं, मुक्कामाची मुदत लिहिलेलं पांढरं कार्ड हरवल्याची धास्ती. एकदा नागपूरच्या एक काकू नायगारा बघायला निघाल्या. मुलगा म्हणाला होता, पलीकडून जास्त छान दिसतो. व्याह्यांनी त्यांना बाकावर समोर बसवलं. “पलीकडं कॅनडा आहे, काकू. वेगळा व्हिसा, वेगळी मुलाखत. समजा मी अधिकारी. सांगा, तुम्ही परत कशावरून याल?” काकू गांगरल्या. म्हणाल्या, “कपडे वाळत घालून जाते ना!” सगळा बाक हसला. व्याही हसले नाहीत. “उत्तर खरं आहे,” ते म्हणाले, “पण पुरावा काय देणार?” काकूंनी शेवटी अलीकडूनच धबधबा पाहिला आणि छानच दिसला असं सांगितलं. कचेरीत ते वीस वर्षं लोकांना उद्या या म्हणत आले असतील, तो माझा कायमचा टोमणा. पण इथं मी पाहिलं, त्यांनी एकाही माणसाला उद्या या म्हटलं नाही.

त्यांची धाकटी मुलगी लक्झेंबर्गला असते, जावई तिथल्या बँकेत. देश केवढा, तर आमचे दोन तालुके एकत्र करा, झाला. त्या मुलीला दिवस गेले होते, नोव्हेंबरच्या मध्याला तारीख. तिला आई नाही, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आमची सून म्हणाली, “बाबा, मी जाते,” पण तिची नोकरी नवी, रजा मिळेना. तेव्हा व्याही म्हणाले, “मी जातो बाळंतपणाला.” मी हसलो. पुरुषमाणूस बाळंतपणाला काय करणार? पण त्यांनी त्याच आठवड्यात डिंकाचे लाडू करायला घेतले. पहिली खेप दगड, दुसरी खेप वाळू, तिसरी खेप लाडू. तिन्ही खेपा मी खाल्ल्या.

आणि मग सुरू झाला लक्झेंबर्गचा अभ्यास. ग्रंथालयातून नियम छापून आणायचे आणि जेवणानंतर पोथीसारखे मोठ्यानं वाचायचे. पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने शिल्लक पाहिजे. आजारपणाचा विमा पाहिजे. जाण्यायेण्याचं तिकीट पाहिजे. ज्याच्या घरी उतरणार त्यानं आपल्या गावच्या नगरपालिकेत जाऊन हमीपत्रावर शिक्का मारून आणायला पाहिजे. हा शिक्क्याचा नियम वाचताना त्यांचा चेहरा असा उजळला, की बघत राहावं. “बघा, तिथंही मारतात!” आपण अमेरिकेत पाहुणे, अर्ज खरं तर मायदेशातून करायचा, पण कारण पटलं तर इथूनही घेतात, हेही त्यांनी शोधून काढलं. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे शेंगेन. युरोपातल्या पंधरा देशांत एकाच व्हिसावर जाता येतं, त्याला ज्या गावाचं नाव आहे ते एवढंसं खेडं त्याच लक्झेंबर्गात, नदीकाठी. “करारावर सह्या कुठं झाल्या माहीत आहे? नदीत, बोटीवर!” मी म्हटलं, “मग अक्षर हललं असणार.” ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. प्रवासाच्या आराखड्यात त्यांनी पहिलं नाव त्या खेड्याचं घातलं, कारण अर्ज पर्यटकाचा होता आणि पर्यटकानं काहीतरी पाहायला हवं.

वॉशिंग्टनला लक्झेंबर्गच्या वकिलातीत गुरुवारची वेळ मिळाली. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी मी घोळ घातला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा मी आयुष्यात चुकवलेली नाही, कारखाना संपावर होता त्या वर्षीसुद्धा नाही. पाटावर लाल फडकं घातलं, मुलाच्या गॅरेजमधले पाने, पकड, हातोडी मांडली, मुलाचा लॅपटॉप ठेवला, सुनेची विळी ठेवली. मग मनात आलं, व्याह्यांचं हत्यार कुठाय? ज्यावर त्यांचं सगळं चालतं ते हत्यार म्हणजे पासपोर्टच. ते अंघोळीला गेले होते, फाईल दाराशी होती. मी पासपोर्ट काढून पाटावर ठेवला. आता पाना पूजेला ठेवतात तो तोंड उघडून ठेवतात, ही आमच्या खात्याची रीत. म्हणून पासपोर्टही उघडा ठेवला. चांगलं कोरं पान बघून हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं, बोट सढळ होतं, वर अक्षता टाकल्या आणि फूल ठेवलं. माझ्या मनात चांगलंच होतं. त्यांचं काम व्हावं एवढंच होतं.

व्याही टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, पाटाकडं बघितलं आणि खाली गालिच्यावर बसले. कापूस घेऊन पुसायला गेले तर कुंकू पसरलं, मागच्या पानावर उतरलं. दोन पानं लालभडक आणि कडेनं पिवळी.

“आप्पा, हे काय केलंत तुम्ही?” मुलगा म्हणाला.

“पूजा केली,” मी म्हटलं. “कुंकू आहे, ऑइल नाही सांडलेलं.”

“बाबा, अपॉइंटमेंट कॅन्सल करू का?” सून रडवेली झाली. “डॅमेज्ड पासपोर्ट म्हणाले तर? नवा काढायचा तर एक महिना जाईल. तारीख तर साडेतीन आठवड्यांवर आलीय!”

व्याही हळूच म्हणाले, “पान खराब झालेला पासपोर्ट खिडकीत दाखवू नये, हे त्या बाकावर मीच पन्नास जणांना सांगितलंय.” बस्स. मला एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाच दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्या माणसानं माझा दसरा गोड करून घेतला, जेवताना मला श्रीखंड वाढलं. तेच मला लागलं. पण चूक झाली म्हणायची जीभ मला देवानं दिलेली नाही. कारखान्यात चीफ इंजिनिअरपुढंही ती वळली नाही, त्यापायी दोन बढत्या गेल्या. मी पावडर लावून पान घासून पाहिलं, टिपकागद ठेवून इस्त्री फिरवून पाहिली. कुंकू पक्कं होतं, आमच्या गावचं होतं.

मुलगा म्हणाला, “ती दोन पानं पिन मारून बंद करू या, यार कोण बघतंय.” व्याही म्हणाले, “लपवायचं नाही.” त्यांनी अर्जासोबत तीन पानी खुलासा जोडला. त्यात खंडेनवमी म्हणजे काय, हत्यार म्हणजे काय, आणि अर्जदाराचे व्याही हे ‘सद्हेतूनं वागणारे गृहस्थ’ आहेत, असं इंग्रजीत लिहिलं होतं. सुनेनं मला अर्थ सांगितला तेव्हा मी उठून तळ्यावर गेलो.

गुरुवारी पहाटे निघून मुलानं साडेचार तास गाडी हाणली. मी हट्टानं सोबत गेलो. व्याही वाटभर उत्तरं घोकत होते. पण खिडकीपुढं उभे राहिले आणि आतल्या बाईंनी ते पान उघडून विचारलं, हे काय आहे, तेव्हा एवढा तयारीचा माणूस, ज्यानं पन्नास जणांच्या मुलाखती घेतल्या, त्याचं तोंड उघडलं आणि आतून आवाजच आला नाही. खुलासा हातात तसाच. बाईंनी पुन्हा विचारलं.

मी मागच्या खुर्चीवर होतो. मला इंग्रजी येत नाही, पण कारखान्यात परदेशी मशीन यायचं तेव्हाचे चार शब्द शिल्लक होते. मी उठून काचेपाशी गेलो. छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “मॅडम. माय मिस्टेक. ही, नो मिस्टेक. आय, मिस्टेक. सॉरी.” मराठीत जे पाच दिवसांत निघालं नव्हतं, ते इंग्रजीत निघालं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. मग व्याह्यांना विचारलं, तिथं जाऊन काय काय बघणार? पाच पानी आराखडा फाईलमध्ये होता. तो त्यांनी काढला नाही. म्हणाले, “माय डॉटर. शी हॅज नो मदर.” बाई पासपोर्ट घेऊन आत गेल्या. आम्ही दोघं उभेच. वीसेक मिनिटांनी आल्या आणि सावकाश, आम्हाला कळेल अशा बेतानं म्हणाल्या की नाव, फोटो, नंबर सगळं नीट वाचता येतंय, व्हिसा दुसऱ्या स्वच्छ पानावर लावू, घरी परत गेल्यावर मात्र नवा पासपोर्ट काढून घ्या.

परतीच्या वाटेवर रिचमंड शहर लागलं. तेव्हा व्याही एकदम म्हणाले, “व्याहीबुवा, खिडकीपाशी एका वेळी एकच माणूस उभा राहतो. नियम आहे.”

“मग परत फिरवा गाडी,” मी म्हटलं, “व्हिसा देऊन टाकू त्यांचा त्यांना.”

तेव्हा ते जे हसले, ते डोळे पुसेपर्यंत हसले. मुलाला वाटलं, म्हाताऱ्यांना झालंय तरी काय.

आठ दिवसांनी ते गेले, आणि तिथून परस्पर मायदेशी जाणार होते. विमानतळावर मला काहीतरी बोलायचं होतं, मराठीत. पण त्यांच्या बॅगेचं चाक अडकत होतं, ते मी नीट करत बसलो, तेवढ्यात त्यांची वेळ झाली. तळ्यावर मंडळी मला विचारायची, मुदतवाढीचा अर्ज किती दिवस आधी करायचा हो? मी म्हणायचो, मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून सगळ्यांना नवल वाटायचं.

पुढं एका सकाळी फोन आला. मुलगी झाली. सून बोलली, मुलगा बोलला, मग फोन माझ्या हातात दिला. तिकडून व्याही म्हणाले, “व्याहीबुवा, वेळेत पोचलो होतो बरं का. मी दाराशीच होतो.” पुढं त्यांना बोलता येईना. मागं बाळ रडत होतं. सून खुणावत होती, आप्पा, बोला ना काहीतरी.

मी म्हटलं, “थंडी आहे का हो तिकडं?”

“आहे,” ते म्हणाले. मग विचारलं, “तुमच्याकडं?”

“आहे की,” मी म्हटलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.