सोन्याला कुंकू

खंडेनवमीला आमच्याकडं काहीच कोरडं राहत नाही. बाबांच्या शिरोलीतल्या वर्कशॉपमधलं लेथ, दारातली स्कूटर, विळी, मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्यामुळं मी संशोधन करते त्या प्रयोगशाळेतही पूजा होते, यात मला कधी वावगं वाटलं नाही. तिथला नियम एवढाच, की हार घालायचा तो यंत्राला बाहेरून.

यंत्र म्हणजे हवा काढून घेतलेलं एक पोलादी भांडं. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्यात शर्टाच्या गुंडीएवढी सोन्याची चकती बसवायची आणि तिच्यावर नायट्रिक ऑक्साइडचे रेणू सोडायचे. त्याआधी लेझरनं ते थरथरते केलेले असतात. सोन्यावर आपटून रेणू परत येतो, तेव्हा त्याच्यात किती थरथर उरली आणि किती सोन्यानं घेतली, हे मोजणं म्हणजे माझी पीएचडी. सोनं दिसायला शांत, पण समोरच्याची थरथर चटकन आपल्यात मुरवून घेतं. अट एकच, ते उघडं, स्वच्छ हवं. त्यावर कसलाही मळ बसला, की रेणू मळावर आपटतो आणि माझे आकडे कुचकामी ठरतात.

यंदा पूजेला मी उचगावच्या घरून आईला घेऊन गेले. खरं सांगायचं तर मिरवायला. कितीतरी दिवस मी तिचं डोकं खाल्लं होतं, की माझे गाईड सर मला चेंबर एकटीनं चालवू देतील का, ते दसऱ्यानंतर ठरवणार आहेत. त्या दिवशी चकती बाहेर, काचेच्या डबीत झाकून ठेवलेली होती. झाकण काढायचं नाही, हे तिथं पहिल्याच दिवशी सांगतात. मी काढलं. "बघ, हेच ते," म्हणाले आणि काडेपेटी आणायला गेले. परत येते तर चकतीवर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट.

"सोनं हाय न्हवं," आई म्हणाली. "त्यात तुझं हत्यार. कोरडं कसं ठिवायचं?"

मी ओरडणारच होते. तेवढ्यात सर आत आले. त्यांनी डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"झाकण कुणी काढलं?"

मी खरं सांगितलं असतं की नाही, देव जाणे. आईच पुढं झाली. पदर सारखा करत म्हणाली, "मीच काढलं, सर. ती नको नको म्हणत हुती. मला काय कळतंय त्यातलं? चुकलं माझं." आणि वयानं तिच्याहून कितीतरी लहान असलेल्या त्या माणसापुढं तिनं हात जोडले. मी फरशीकडं बघत उभी राहिले.

सर भला माणूस. "असू द्या, आई," म्हणाले. चकती पॉलिश करायला परगावी पाठवली आणि दसरा झाल्यावर मला परवानगीही दिली. "नुसतं नको म्हणून भागत नाही, ठाम राहायला शीक," एवढंच बोलले. मी मान डोलावली. लाज वाटत होती, पण परवानगी नको असं काही मी म्हटलं नाही.

आता प्रयोगशाळा बघायला कुणी आलं, की सर ही गंमत सांगतात. पाहुणे हसतात, मीही हसते. एकदा तर मीच म्हणाले, "आमची आई म्हणजे अशीच आहे हो." त्या दिवशी घरी जेवताना मला तिच्याकडं बघवेना.

परवा लक्ष्मीपूजन झालं. बाबा वर्कशॉपच्या पूजेला गेले होते. आईनं पाटावर सगळं मांडलं. तिच्या बोरमाळेला कुंकू लावलं, घराच्या किल्ल्यांना लावलं, आणि माझ्या लॅपटॉपपाशी तिचं बोट थांबलं. तिनं करंडा माझ्याकडं सरकवला.

"तुझं तू लाव बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

सरांपुढं ती हे माझ्यासाठी म्हणाली होती. परवा घरात आम्ही दोघीच होतो.