दरीचं पान
नव्या चपलेच्या कातड्याचा वास आला, की शेजारच्या मावशींची पडवी आणि तिथली सुस्त दुपार डोळ्यांपुढे तरंगू लागते. मावशी चपलांसाठी कातड्याच्या वेण्या गुंफायच्या आणि मी त्यांना लायब्ररीतली रहस्यकथा वाचून दाखवायचे. उन्हाचा कवडसा त्यांच्या बोटांवरून हळूहळू सरकत जायचा. कथेतल्या जीपच्या ड्रायव्हरवर त्यांचा भारी जीव. ‘आमच्या धाकट्यागत बोलतोय की गं ह्यो,’ म्हणायच्या. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. ड्रायव्हर दरीत कोसळून मरतो ते पान आलं, तेव्हा माझी जीभ रेटेना. मी त्याला झाडाच्या फांदीला अडकवून वाचवलं आणि पुढचं सगळं पदरचं जोडत वाचलं. काही दिवसांनी त्याच पुस्तकावरचा सिनेमा लागला. पत्र अजून नव्हतंच. मावशी मला हट्टानं मॅटिनीला घेऊन गेल्या. पडद्यावर जीप घाटात वळली आणि मी डोळे गच्च मिटले. बाहेर लख्ख उन्हात आल्यावर मावशी कडाडल्या, ‘पार वाटोळं केलं की पुस्तकाचं! कुठं मरतोय त्यो?’ मग गल्लीत भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, ‘सिनेमा खोटा हाय, पुस्तक वाचा.’ दुसऱ्याच दिवशी मी ते पुस्तक लायब्ररीतून पुन्हा आणलं आणि लायब्ररीत ते हरवलं म्हणून सांगितलं. धाकटा सुखरूप परतला, त्याची मुलं आता कॉलेजात आहेत. पुस्तक माझ्या कपाटात आहे, पण दरीचं पान उघडायला अजून हात धजत नाही.