उजवा कौल

मुंबईहून फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. पलीकडून कुंदाचा भाचा बोलत होता. "शालूमावशी, आत्या गेली..." मी त्याच्यावरच ओरडले, "परवा तर ऑपरेशन नीट झालं म्हणालास ना रे!" महिना उलटला, पण मला अजून तिचा रागच येतोय. शब्दाला जागणारी बाई होती ती.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक दगडी गडगा. कुंदाने बी.ए.ला फ्रेंच घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ! त्यात शिकवणाऱ्या बाई वर्षभरात लग्न होऊन गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तोंडी परीक्षा मुंबईला, आणि इथे बोलायला माणूस नाही. मग हिने घरामागच्या नारळी-पोफळीच्या आगरातली विहीर धरली. कठड्यावर ओणवी होऊन बोलायची, आतून घुमून आलेला स्वतःचा आवाज ऐकायची, पुन्हा बोलायची. परीक्षक मी! मला एकच प्रश्न घोकून दिलेला, "ऊ आबिते-वू?" म्हणजे, तुम्ही राहता कुठे? मी विचारायचं आणि तिने विहिरीत तोंड घालून उत्तर द्यायचं. रत्नागिरीतला 'र' ती घशातून असा काही काढायची की मला हसू आवरत नसे.

शेजारच्या काकींना मात्र घाम फुटला. त्या थेट कुंदाच्या वडिलांकडे गेल्या. "अहो अण्णा, पोरीला विहिरीवरचं काहीतरी लागलंय. घशातून बोलते, आणि भाषा भलतीच!" अण्णा तसे शहाणे, पण आधीच धास्तावलेले. थोरला मुलगा नोकरीला मुंबईस गेला तो गणपतीलाही फिरकत नव्हता. अण्णांनी सांगून टाकलं, "आधी देवाला विचारू. डावा कौल आला तर परीक्षा बंद, पुस्तकं माळ्यावर, आणि दापोलीच्या स्थळाला होकार."

"आणि उजवा आला तर?" कुंदाने विचारलं. अण्णा टोपी घालून गुरवाला सांगायला निघाले.

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुंदाने माझं मनगट असं आवळलं होतं की बांगडी पिचली. "विचारा अण्णा," गुरव म्हणाला. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "महाराजा, पोर मुंबईस जाते आहे... परत येईल ना?"

मी बघतच राहिले. विचारायचं होतं, पाठवू का नको! कुंदाला बरोबर कळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण कळ्या जागच्या हलेनात. गुरव गाऱ्हाणं घालत होता, आम्ही "होय महाराजा" म्हणत होतो. मध्येच डावी कळी जराशी सरकली... अण्णांनी डोळे मिटून घेतले. आणि टपकन उजवी पडली.

कुंदा गेली, पास झाली, परत आली. पुढे दिल्लीहून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं, तरी ही इथेच पोरांना फ्रेंच शिकवत राहिली. मी चिडून बोलले तर म्हणायची, "अगो, अण्णांनी देवाला जामीन ठेवलाय माझ्यासाठी. मी कुठली जाते!"

या वेळी ऑपरेशनसाठी मुंबईस निघाली, तेव्हा तिला गाडीत बसवायला मीच होते. रिपोर्ट घेतलेस का, चष्मा घेतलास का, सगळं विचारलं. "लवकर ये गो," म्हटलं. देवाला विचारायचं मात्र कोणाला सुचलंच नाही. अण्णा असते तर त्यांनी विचारलं असतं.

काल तिच्या आगरात गेले होते. कठड्यावर ओणवी झाले आणि मोठ्याने विचारलं, "ऊ आबिते-वू?"

विहिरीने तोच प्रश्न मला परत विचारला. मी उत्तराची वाट बघत तशीच ओणवी राहिले.