नोंदवहीतली शून्यं

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी छप्पन्न साली ते टोपल्यात भरले आणि नदीत सोडून आले. तेव्हापासून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात अंधश्रद्धेविरुद्धच्या पुस्तिका असतात. पाच-दहा रुपयांच्या, पिना मारलेल्या, पिवळ्या पडलेल्या. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून ते गावोगाव भाषणं देतात आणि विषय एकच असतो: अंगात येणं, करणी, भूतबाधा हे सगळं ढोंग आहे. त्यांची पत्रकं मी पंधराव्या वर्षापासून लिहिते.

बाबांचा राग उसना नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीला लहानपणी झटके यायचे. भगताने तिला तापलेल्या विळ्याने डागलं आणि ती त्यातून उठली नाही. ही गोष्ट बाबा भाषणात कधी सांगत नाहीत. मला आजीने सांगितली.

मग आमच्याच घरात आई पडली.

भर दुपारची वेळ होती. ती ओसरीत तूर पाखडत होती. सूप हातातून सुटलं, ती मागे कलंडली, पाठीची कमान झाली आणि टाचा फरशीवर आपटायला लागल्या. डोळे घट्ट मिटलेले, मान इकडून तिकडे. शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, “अवं माय, गुरुजीच्या घरात देवी आली व!” आणि खिदळली. बाबा धावत आले. त्यांनी आधी अंगणाचं दार लावलं, मग आईकडे पाहिलं. हा क्रम माझ्या लक्षात राहिला. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण काकूचं खिदळणं मलाही झोंबलं होतं. दुसऱ्यांच्या घरातली देवी आम्ही हाकलायची आणि आमच्याच ओसरीत ती नाचायची!

वर्षभर मिरगीच्या गोळ्या झाल्या. आई दिवसभर पेंगायची आणि पडायची तशी पडतच राहिली. शेवटी कोणीतरी सांगितलं की वाशीमला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा शहरातली डॉक्टरीण येते आणि अशाच झटक्यांवर संशोधन करते.

डॉक्टरीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिने आईच्या डोक्याला तारा लावल्या, समोर कॅमेरा ठेवला आणि वाट पाहिली. तास-दीड तासाने झटका आला. मेंदूच्या आलेखावर मिरगीची खूण उमटली नाही. तिने तिघांना समोर बसवलं. आजाराला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात, म्हणाली. मेंदूत गाठ नाही, इजा नाही, मिरगी नाही. पण मेंदूचा शरीरावरचा ताबा अधूनमधून सुटतो. झटके खरे आहेत, आई ते मुद्दाम आणत नाही.

आईने टेबलावरच्या तारांकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजे मोटर जळाली नाही, वायर बी बरोबर हाय, निस्ता स्टार्टर ट्रिप होऊन राह्यला.”

डॉक्टरीण हसली. म्हणाली, “मावशी, हे मी आता सगळ्यांना सांगणार.”

बाबा हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “आलेख चांगला हाय ना? मंग?”

त्या “मंग”चा अर्थ मला कळला होता. तोच प्रश्न माझ्याही मनात होता. आमच्या पुस्तिकांत दोनच खाने होते. रोग असेल तर तो यंत्रात दिसतो. यंत्रात दिसत नाही ते ढोंग. तिसरा खाना आम्हाला कोणी शिकवलाच नव्हता, आणि आम्हीही तो कधी मागितला नव्हता.

संशोधनाची पद्धत साधी होती. गोळ्या हळूहळू कमी करायच्या. दर महिन्याला आईने येऊन डॉक्टरिणीबरोबर बसायचं, झटक्याआधी शरीर काय इशारे देतं ते ओळखायचं, तो परतवायचे उपाय शिकायचे. आणि घरातल्या एकाने रोज नोंदवही लिहायची: झटका किती वाजता आला, किती मिनिटं टिकला, आधी काय चाललं होतं, कुठे लागलं का. संमतीच्या कागदावर आईने सही केली, नोंदवही माझ्याकडे आली. लिहायचं काम मला नेहमीच आवडतं.

दुसऱ्या आठवड्यात आई चुलीपाशी पडली. बाबा बाहेर गेले होते. मी तिला बाजूला ओढलं, डोक्याखाली गोधडी दिली. आणि मग मी ते केलं.

तरुणांच्या एका शिबिरात मला एक परीक्षा शिकवली होती. बेशुद्ध माणसाचा हात त्याच्याच चेहऱ्यावर उचलून धरायचा आणि सोडून द्यायचा. हात तोंडावर आपटला तर बेशुद्धी खरी, बाजूला घसरला तर ढोंग. सतरा वर्षांची असताना मी हा प्रयोग एका गावात, भरल्या चौकात, अंगात आलेल्या बाईवर केला होता. हात बाजूला घसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई नंतर घराबाहेर दिसेनाशी झाली आणि आम्ही तो विजय म्हणून पत्रकात छापला.

मी आईचा हात उचलला. काकणं मनगटावरून कोपराकडे सरकली. मी हात सोडला. तो गालाला हलकेच लागून बाजूला पडला.

“ढोंग,” मी म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाले.

दोन दिवस आई माझ्याशी नेहमीसारखी वागली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता, म्हणाली, “मले ऐकू येत रायते, पोरी. आंग माह्या ताब्यात नसते, तोंडातून शब्द निंघत नाही. पन कान उघडे रायतात.”

ती पुढे म्हणाली, “तव्याकडं पाह्य. जळून राह्यली.”

त्यानंतर आई पडायची थांबली.

निदान मला तसं वाटलं. मी रोज संध्याकाळी नोंदवही उघडायची आणि शून्य लिहायची. सात शून्यं, पंधरा शून्यं, मग महिना भरला. डॉक्टरिणीने वही पाहिली, बोट पानावरून खाली नेलं आणि आईला विचारलं, “त्या चुलीपाशीच्या झटक्यानंतर खरंच एकही नाही?” आई म्हणाली, “तुमच्या हाताले यश हाय, बाई.” गोळ्या आणखी कमी झाल्या. बाबांनी त्या संध्याकाळी पेढे आणले. म्हणाले, “बोलून सुटलं ना? विचारानं सुटते सगळं.”

पण घराची लय बदलत चालली होती. दुपारचं जेवण झालं की आई म्हणायची, “जरा पाठ टेकतो,” आणि सोयाबीनची पोती ठेवलेल्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. आधी ती ओसरीतच निजायची. ओठ फुटला तर “चौकट लागली.” कोपराला भाजलं तर “दूध उतू गेलं.” एकदा पोत्यांमागे झाडू घातला तेव्हा हिरव्या काकणांचे तुकडे निघाले. एका वेळचे नव्हते. काहींवर धूळ बसली होती, काही नवेकोरे होते. मी ते सुपलीत घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर बाबा कोणाला तरी फोनवर रविवारच्या भाषणाची वेळ सांगत होते.

त्या संध्याकाळीही मी शून्यच लिहिलं. झटका मी पाहिला नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं, हा पुस्तिकेतला पहिला नियम. किती सोयीचा नियम आहे तो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. माझ्यासमोर पडायचं नाही हे आईने ठरवलं होतं, आणि मी पाहिलं नाही म्हणून ते घडलंच नाही असं मी कागदावर सरकारी कारकुनासारखं मांडत होते. ती एकटी, कडी लावलेल्या खोलीत, पोत्यांच्या फटीत आपटत होती. एखाद्या दिवशी डोकं तिथल्या लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर आपटेल आणि दार तोडावं लागेल, हे मला कळत होतं. आणि माझ्या वहीतली शून्यं शहरात जाऊन कुठल्याशा तक्त्यात बसणार होती. त्यांच्या भरवशावर दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या गोळ्या बंद होणार होत्या.

पुढच्या फेरीला बाबाही आले. त्यांना शाबासकी ऐकायची होती. डॉक्टरिणीने वही मागितली तेव्हा मी म्हणाले, “ही खोटी आहे.”

मी सगळं सांगितलं. हाताची परीक्षा, कडी, काकणं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त दबक्या आवाजात म्हणाली, “तुले कोनं सांगतलं होतं व तोंड उघडाले?”

डॉक्टरीण चिडली नाही. हात बाजूला घसरला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, म्हणाली. या आजारात माणसाचा एक भाग जागा असतो, चेहरा वाचवतो, बोलणं ऐकतो, पण लगाम हातात नसतो. मग तिने माझ्या पानांवर तिरकी रेघ मारली आणि बाबांकडे वळली. “गुरुजी, घरात त्यांना लपावं लागतं तोवर माझ्या उपायांचा काही उपयोग नाही. तुम्ही काय म्हणता?”

बाबा म्हणाले, “मी काय म्हननार? तुमी शिकल्या-सवरल्या.”

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. बाबांना पुढे जागा मिळाली, आम्हाला चार सीट मागे. वाशीम सुटून काही वेळ झाला आणि आईचा हात माझ्या हातात ताठ झाला. या खेपेला लपायला जागाच नव्हती. ती सीटवरून घसरली, टाचा पत्र्यावर धाडधाड आपटायला लागल्या.

“अंगात आलं वाट्टे!”

“मिरगी हाय, मिरगी. चप्पल हुंगवा.”

“माह्या पिशवीत कांदा हाय, घ्या.”

“कांदा कायले? भाजी करतं काय तिची?” कोणी हसलं.

आणि मग पुढून एक म्हातारा उत्साहाने उठला. “अरे, गुरुजी हायेत ना गाडीत! गुरुजी, तुमी तं आमच्या गावात सांगून गेले होते. सांगा ना या लोकायले, हे खरं रायते का ढोंग?”

सगळी बस बाबांकडे वळली. त्या म्हाताऱ्याला, त्या बसमधल्या कोणालाच माहीत नव्हतं की खाली पडलेली बाई गुरुजींची कोण आहे. बाबा उठून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं. मग भाषणातल्या त्याच समजुतीच्या, संथ आवाजात म्हणाले, “गर्दी नका करू. हवा येऊ द्या. आपोआप उठते थोड्या वेळानं. काही नसते त्यात.”

आणि बसले.

मी ओरडले, “माझी आई आहे ही! आजारी आहे. तिला सगळं ऐकू येतंय, तोंड सांभाळून बोला!” कांदा परत पिशवीत गेला. त्यापुढचं एक वाक्य माझ्याही तोंडून निघालं नाही. पुढे बसलेला तो माणूस कोण आहे, हे मीही सांगितलं नाही.

वाटेतल्या मालेगावला बाबा उतरले. आमचा थांबा मेडशीच्या पुढे होता. आई तोवर सावरली होती. तिने पदर सारखा केला आणि खिडकीतून पाहिलं.

“म्या बी उतरतो,” ती म्हणाली.

खाली बाबा आमची वाटच पाहत होते. जवळ आले, इकडेतिकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, “मागच्या गाडीनं जाऊ. लोकं वळखतात आपल्याले.”

“तुमी जा,” आई म्हणाली. “मी अनसिंगले जातो, बहिनीकडं. त्या घरी पडलो तं कोनी तं म्हनल, माही बहीन हाय म्हनून.”

ती रस्ता ओलांडून वाशीमच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेले.

तिला पोचवून मी घरी परतले; आई अजून अनसिंगलाच आहे. दर दोन-तीन दिवसांनी पडते. मावशी फोन करते आणि मी ऐकून लिहून घेते. एकदा पायरीवर पडली, कपाळाला टाके पडले. मी बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

परवा शिरपूरला त्यांचं भाषण आहे. विषय नेहमीचाच. पत्रक लिहून दे म्हणाले, आणि मी दिलं. पहिल्या ओळीत लिहिलं की वक्त्यांच्या पत्नीला झटके येतात, ते खरे आहेत आणि ते ढोंग नाही. बाबांनी कागद वाचला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. छापखान्यात तो गेला की नाही, मला माहीत नाही. आत्ता ओसरीत बसून ते भाषणाची तालीम करताहेत आणि मला इथपर्यंत फक्त आवाज येतो, शब्द कळत नाहीत.